हळदीचं भिंग

वांकिडीच्या बाजारात महिपतचं दुकान म्हणजे आजारी वस्तूंचं माहेर. फुंकर विसरलेले स्टोव्ह, काजळी धरलेले कंदील, काड्या मोडलेल्या छत्र्या, उजेड हरवून बसलेल्या बॅटऱ्या, सगळ्या तिथं येत, चार दिवस राहत आणि बऱ्या होऊन आपापल्या घरी जात. ज्या बऱ्या होत नसत त्याही महिपत टाकून देत नसे. त्यांच्या अंगावरचं जे चांगलं असेल ते काढून डब्यात जपून ठेवी. कोणाचा स्क्रू, कोणाची चकती, कोणाचं झाकण.

पण त्याचा खरा जीव भिंगांत. निजामावरच्या पोलिस ॲक्शनच्या वेळी फौज आली आणि पुढं गेली, तेव्हा तिच्या मागं रस्त्यावर एक फुटकी दुर्बीण राहिली होती. तिचा एक डोळा शाबूत होता, तो महिपतकडं होता. कापसाचा धागा पाहायचं एका व्यापाऱ्याचं कड उडालेलं भिंग होतं. वारलेल्या मुनशीच्या चष्म्याची एक काच होती, आणि जत्रेत सिनेमा दाखवणाऱ्या तंबूतल्या मशीनचं एक जाड, फुगीर भिंग होतं. त्यातून पाहिलं तर जांभूळ पेरूएवढं दिसे. अशी ती चार घरची चार भिंगं. महिपत त्यांना मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवी, जशी बायामाणसं नथ ठेवतात तशी.

आदिलाबादच्या एका फोटोवाल्यानं दुकान आवरताना आपली जुनी लाकडी पेटी भंगारात काढली होती. तिचं भिंग केव्हाच विकलं गेलेलं, आणि कातडी भाता उंदरांनी खाल्लेला. महिपतनं ती पेटी डोक्यावरून मोटारीच्या टपावर आणि टपावरून घरी आणली. भात्याला छत्र्यांचं काळं कापड लावलं. भिंग बसवायला सायकलच्या पंपाचं नळकांडं कापलं. मागची काच वाळूनं घासून घासून धुरकट केली. आणि मग नळकांड्यात एकामागं एक भिंगं बसवून पाहायचा उद्योग सुरू झाला. एकटी दुर्बिणीची काच लावली तर कडुनिंब दिसे, पण त्याच्या फांद्यांना इंद्रधनुष्याच्या किनारी येत. तिच्या मागं चष्म्याची काच लावली की किनारी जात, पण झाड लांब पळे. सिनेमाचं भिंग मध्ये सरकवलं की झाड परत येई, मात्र वाकून, गरोदर बाईसारखं पोट पुढं काढून. पत्र्याच्या चकतीला खिळ्यानं भोक पाडून ती दोन भिंगांच्या मध्ये ठेवली, तेव्हा कुठं झाड सरळ उभं राहिलं. तेही उलटं, मुळं वर आणि शेंडा खाली. पेटीच्या पोटात सगळं उलटंच दिसतं, हे महिपतनं घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"झाड उभं राह्यलं!" काळ्या कापडाखालून तो ओरडला.

"उभंच व्हतं ते," चुलीजवळून देवकाबाई म्हणाली. देवकाबाई त्याची बायको. "तुमी वाकलेले व्हता."

शेजारचा फकिरा शिंपी हे सगळं आपल्या मशीनवर बसून पाही. तो म्हणे, "महिपतराव, या डब्यातून पुढच्या सालचा कापसाचा भाव दिसला तं सांगजा बापा."

असं ते चाललं होतं. ते साल होतं छप्पन. निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती आणि आता त्या राज्याचीही वाटणी ठरली होती. वांकिडी तेलुगू राज्यात राहणार होती. शेजारचा राजुरा तालुका मुंबईकडं जाणार होता. दिवाळीच्या तोंडावर वाटणीची तारीख होती. बाजारात रोज नवी वार्ता. कोणी म्हणे, शाळा बदलणार, कोणी म्हणे, मापं बदलणार. फकिरा तर छातीठोकपणे सांगे, "निजामाच्या करोडगिरीच्या जकात नाक्यावानी नाका बसते म्हनून राह्यले. राजुऱ्याले जायाचं तं पास दाखवा."

या वार्तांनी कोणाचं काही अडलं नाही. अडलं ते एका म्हातारीचं.

महिपतची आई, प्रयागबाई. तिची मोठी बहीण भागाबाई राजुऱ्याजवळच्या गावात राहायची. दोघींमध्ये अंतर मोटारीनं अर्ध्या दिवसाचंही नाही. पण भागाबाईचे गुडघे धरलेले, ती बाजेवरून उठत नसे, आणि प्रयागबाईला मोटार लागायची. चढली की उतरेपर्यंत ओकारी. त्यामुळं भेटी लांबल्या होत्या. बाजारकऱ्यांच्या तोंडी निरोप जात, उलटे येत. त्या आश्विनात भागाबाईचा निरोप आला तो असा: "प्रयागले सांगा, आता इकडं येक राज्य, तिकडं येक राज्य. तुहं तोंड दिसन का नाई, देव जाने. महिपत फोटो काढतो म्हनतात. येक फोटो पाठव. तारखेच्या आत."

निरोप ऐकून प्रयागबाईनं जातं थांबवलं. मग तिनं ट्रंकेतलं नवं लुगडं काढलं.

"काढ बापा माहा फोटो," ती महिपतला म्हणाली. "भागी मागून राह्यली."

महिपतच्या भिंगाला पहिल्यांदाच कोणीतरी खरं काम सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात त्यानं आईला अंगणात बाजेवर बसवलं. आधी हात बसावा म्हणून देवकाबाईचा एक फोटो काढला, मग आईचा. भिंगाला खोबरेल तेलाच्या डब्याचं झाकण होतं. ते काढायचं, उजेडाला आत जाऊ द्यायचं आणि परत लावायचं. किती वेळ? घरात दुरुस्तीला आलेली घड्याळं होती, पण चालणारं एकही नव्हतं. तेव्हा देवकाबाईनं ओवी म्हणायची आणि ओवी संपली की झाकण लावायचं, असं ठरलं. जात्यावरची ओवी तिच्या गळ्यात इतकी मुरलेली होती की ती कधी लांबत नसे, कधी आखडत नसे.

कोठीच्या अंधारात, कंदिलाला लाल कापड बांधून, महिपतनं आदिलाबादहून आणलेल्या, मसाला फासलेल्या फोटोच्या काचा औषधात धुतल्या. वाळवल्या. काचेवरून कागदावर फोटो उतरवले. आणि आईचं तोंड पाहून त्याला स्वतःशीच हसू आलं. सुरकुती सुरकुती आली होती. कडेला सगळं धुक्यात गेलेलं, बाजेचे पाय नाहीसे झालेले, पण मधोमध माय लख्ख बसलेली.

त्यानं फोटो तिच्या हातात दिला. "पाह्य माय."

प्रयागबाईनं फोटो उन्हात धरला. आधी लांब, मग जवळ. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"हे कोन हाय?"

"तूच."

"मी नोहो." तिनं फोटोतल्या कपाळावर बोट ठेवलं. "माहं गोंदन कुठं हाय?"

महिपतनं पाहिलं. खरंच, कपाळ कोरं होतं. मधोमध जो हिरवट निळा ठिपका जन्मभर होता, तो नव्हता. मांडीवरचे हातही कोरे होते. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं तुळशीचं वृंदावन, त्याखालचा विंचू, सगळं गेलेलं. जणू कोणी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं होतं.

"भिंगाची चूक असन," तो चाचरत म्हणाला.

प्रयागबाई रागावली नाही, हेच त्याला जड गेलं. ती सावकाश बोलली. "तुहा बाप गेला तवा बायांनी माहं कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या. तवा माही आजी म्हने, रडू नोको पोरी, गोंदन हाय तुह्यापाशी. ते कोनी काढू शकत नाई. मरताना लुगडंही इथंच राहते, गोंदन तेवढं संगं येते." तिनं फोटो खाली ठेवला. "तुह्या डब्यानं तेही पुसलं रे."

देवकाबाई पदराला हात पुसत बाहेर आली होती, ती तशीच उभी राहिली.

"भागीले हा फोटो पाठवजो नोको," प्रयागबाई म्हणाली. "ते वळखनार नाई. अन् वळखलं तं म्हनन, प्रयागनं माही खून पुसली."

"कोनती खून, आत्याबाई?" देवकाबाईनं विचारलं.

मग प्रयागबाईनं आपला डावा हात पुढं केला आणि विंचवावर बोट ठेवलं. "मोज याचे पाय."

देवकाबाईनं मोजले. एका अंगाला चार. दुसऱ्या अंगाला तीन.

"आमी दोघी लहान व्हतो," प्रयागबाई सांगू लागली. "गावोगाव गोंदत फिरनाऱ्या तोट्यांची बाई आली. मी धाकटी, म्हनून मले आदी बसवलं. सुया टोचल्या तसं मी बोंब मारली. अखरीच्या पायाले हात हिसकून घेतला अन् पळाली, ते थेट शेतात. पाय राहून गेला. समद्या पोरी हासून राह्यल्या, लंगडा विंचू, लंगडा विंचू. मी रडून राह्यली. मंग भागी बसली. तोटीन तिचा विंचू पुरा करत व्हती तं भागीनं तिचा हात धरला. म्हने, माह्याही विंचवाचा येक पाय सोड. माय म्हने, काऊन वो? भागी म्हने, मंग प्रयागले कोनी हासनार नाई." ती थोडी थांबली. "दोघीचे विंचू लंगडे. दुनियेत दोनच. तो नसलेला पाय त्या फोटोत दिसला पाह्यजे. नाई तं फोटो नोको."

तारखेला थोडेच दिवस उरले होते. महिपतच्या डोक्यात विंचू शिरला तो निघेना.

त्यानं भिंगं उतरवली, पुसली, उलटसुलट बसवली. चकतीचं भोक बारीक केलं, मोठं केलं. दुपारी स्टोव्ह घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला बॅटरी दिली आणि बॅटरीवाल्याला स्टोव्ह. फकिरा म्हणाला, "रावसाहेब, माही कात्री दुरुस्तीले देनार व्हतो, पन आता भेव वाटते. छत्री होऊन वापस येईन."

संध्याकाळी महिपत दोन्ही फोटो पुढ्यात घेऊन बसला होता, आईचा आणि बायकोचा. देवकाबाईनं पाठीमागून डोकावून पाहिलं.

"माहं लुगडं पांढरं काऊन केलं?" ती म्हणाली. "मी निळं नेसली व्हती."

महिपतनं मान वर केली.

"अन् कुंकू पाहा," ती पुढं म्हणाली, "लाल लावलं तं काजळावानी काळं. मांगचं आभाळ निळंभोर व्हतं, ते पिठावानी पांढरं."

"थांब थांब." महिपत उठून उभा राहिला. "निळं लुगडं पांढरं. निळं आभाळ पांढरं. म्हनजे भिंगाची चूक नाई. काचेवरचा मसालाच तसा हाय. त्याले निळ्यातून लय उजेड दिसते. मायचं गोंदन निळं. तेही उजेड होऊन कातडीत मिसळलं."

"मंग त्या निळ्याचा उजेड मारा."

"कसा मारू?"

देवकाबाईला ह्यात काही अवघड वाटलं नाही. "धोतर पिवळं पडलं तं आपन काय करतो? निळीत बुडवतो. निळीनं पिवळं मरते. मंग पिवळ्यानं निळं मरत नसन का?"

तिनं वाटीत भाजीसाठी हळद काढली होती, तीत बोट बुडवलं आणि खिडकीत पडलेल्या काचेच्या तुकड्यावर एक बोट ओढलं. "घ्या. पिवळं."

तुकडा डोळ्याला लावून महिपतनं अंगणात पाहिलं. माय तुळशीला पाणी घालत होती. पिवळ्या अंगणात, पिवळ्या हातावर तिचं गोंदण एकदम ठळक उठलं, काजळानं नुकतंच कोरावं तसं.

मग हळदीचा संसार सुरू झाला. पाण्यात कालवलेली हळद काचेवर वाळली की पापुद्रा धरी आणि कण कण दिसे. महिपतकडं स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट होतं. त्यात हळद टाकली तर तिचा रंग नितळ उतरला, खाली गाळ बसला. तो धोतराच्या फडक्यातून गाळला. त्यात सुताराकडची लाख विरघळवली, म्हणजे रंग काचेला धरून बसेल. पहिला हात जाड झाला. त्यातून काढलेल्या काचेवर काहीच उमटलं नाही, अंधारी अमावस्या. दुसरा हात पातळ झाला, गोंदण पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा देवकाबाईनं फडकं हातात घेतलं. अनारशाच्या पिठावर तुपाचा हात फिरवावा तसा तिनं तो रंग काचेवर फिरवला. ती काच भिंगाच्या तोंडावर बसवली. उन्हात पेटीच्या कपाळाला हळद लागलेली दिसली.

"नवरदेव झाला तुमचा डबा," देवकाबाई म्हणाली. "आता मांडव टाका."

पण हळदीतून उजेड हळू चालतो. जिथं एक ओवी पुरत होती तिथं आता पाच-सहा लागणार होत्या. तेवढा वेळ म्हातारीनं हलायचं नाही. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी होती. महिपतच्या भिंगाला मधोमधच काय ते नीट दिसे, भाकरीएवढ्या जागेत. त्या पलीकडं सगळं धुकं. भोक बारीक केलं तर धुकं हटे, पण हळदीनं आधीच उजेड खाल्लेला, मग काच काळोखीच राही. पेटी मागं नेली तर माय सगळी त्या भाकरीत मावे, पण विंचू मुंगीएवढा होई. जवळ आणली तर एकच काही मावे, तोंड नाही तर हात.

"हात गालाले लाव माय," महिपतनं सुचवलं. "म्हनजे दोनी संगंच येतीन."

"गालाले हात लावून बसू?" प्रयागबाई कडाडली. "मेल्या घरी बसल्यावानी? भागी म्हनन, दिवाळीच्या तोंडावर कोन गेलं यायच्या घरी?"

"मंग कपाळाले लाव."

"म्हनजे पुरं नशीबच फुटलं म्हनन."

"मंग सांग, काय काढू? तोंड का हात?"

प्रयागबाई आत गेली, एक घोट पाणी प्याली, बाहेर आली. "हात काढ," ती म्हणाली. "तोंड धुक्यात गेलं तं जाऊ दे."

दिवाळीच्या आधीचा तो आठवडा, हवेत नुकताच गारवा आलेला, कापूस फुटून रानं उजळलेली. दुपारी ऊन अंगणाच्या मधोमध आलं तेव्हा प्रयागबाई बाजेवर बसली. पुढ्यात पाट उभा केला, त्यावर उशी, उशीवर तिचा डावा हात, गोंदण आभाळाकडं. महिपत काळ्या कापडाखाली शिरला. फकिरा मशीन थांबवून येऊन उभा राहिला होता. त्याला दम दिला होता की बोललास तर तुझा अंगरखा तुझ्याच मशीनवर शिवून टाकू.

महिपतनं झाकण काढलं. देवकाबाईला वाटलं, सासू फारच ताठली आहे, थोडी सैल व्हावी. म्हणून तिनं तिथल्या तिथं ओवी जुळवली:

सासू बसली फोटोले, पदर घेतला नीट
तोंड केलं असं, जसं सांडलं पीठ

प्रयागबाईनं ओठ दाबले. खांदे हलले. मग पोट हललं, मग हात, आणि मग सगळी बाजच करकरू लागली. फकिरा भिंतीला टेकून खाली बसला. महिपत कापडाखालून बाहेर आला तो कपाळाला हात लावूनच.

"काच वाया गेली ना वो!"

"मले काय माईत आत्याबाई हासतीन," देवकाबाई म्हणाली. "बारा वर्सात हासल्या नाईत माह्या ओवीले."

महिपतकडं आता एकच काच राहिली होती. दुसरी आदिलाबादहून आणायची तर तारीख निघून जाणार होती. त्यानं ती पेटीत बसवली. प्रयागबाईनं डोळे पुसले, पदर सारखा केला, हात पुन्हा उशीवर ठेवला.

"देवके," ती म्हणाली, "भैनीच्या म्हन."

झाकण निघालं. देवकाबाईनं आवाज खाली घेतला, जातं ओढताना घेतात तसा.

भैन भैन म्हनू, भैन कोन्या गावी
वाटंवरचा वारा, तिची खुशाली दावी

वाटेच्या वाटसरा, सांग माह्या भैनीले
कापूस फुटला रानी, हात नाई येनीले

अंगण शांत झालं. एक कोंबडी चालता चालता थांबून पाहत राहिली. प्रयागबाई हलली नाही. तिच्या हाताची शीर उडताना दिसत होती, तेवढीच. देवकाबाई म्हणत राहिली. तिला आपल्या बहिणीची आठवण झाली. त्या बहिणीला दूर बाजारहत्नूरला दिली होती. मग ओव्या आपोआप येत गेल्या. शेवटची संपली तेव्हा महिपतनं झाकण लावलं आणि कितीतरी वेळ भिंगावरचा हात काढला नाही.

कोठीतून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगाला औषधाचा वास येत होता आणि तोंडावर काहीच नव्हतं. त्यानं ओला कागद देवकाबाईच्या हातात दिला.

चेहरा धुक्यात होता. पदराची कड, नाकाचा उंचवटा, डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, एवढंच. पण मधोमध तो हात. म्हातारा, शिरांचा, उन्हाचा हात. त्याच्यावर तुळशीचं वृंदावन पायरी पायरीनं उभं, आणि त्याखाली विंचू, नांगी उचललेला. एका अंगाला चार पाय. दुसऱ्या अंगाला तीन, आणि चौथ्याच्या जागी बोटाच्या टोकाएवढी कोरी कातडी.

देवकाबाईनं सासूला हाक मारली नाही. तिच्या डोळ्यांना पदर लागला होता. महिपतच गेला आणि आईच्या पुढ्यात कागद धरला.

प्रयागबाईनं पाहिलं. तिनं आपला हात फोटोच्या शेजारी नेऊन ठेवला आणि दोन्हीकडं आळीपाळीनं पाहत राहिली.

"आला," ती म्हणाली. "लंगडा आला."

"तोंड नाई आलं, माय," महिपत म्हणाला. "तारखेच्या आधी परवा मी नेऊन देतो मावशीले. सांगन तिले, भिंगात जोर कमी पडला."

"तू कायले सांगतं?" प्रयागबाई म्हणाली. "हात कागदावर आला. तोंड मी घेऊन जाते."

"मोटारीनं?"

"पायी नेतं का मंग?"

"तुले मोटार लागते ना!"

"लागू दे. लिंबू घेऊन बसन." तिनं फोटो उन्हात कडेला नीट वाळत ठेवला. "त्या कागदात जसं माहं तोंड धुक्यात गेलं ना, तसं भागीच्या मनात गेलं असन एवढ्या सालात. अन् तिचं माह्या. मी म्हनत व्हती, खून धाडली म्हनजे झालं. नाई होत तेवढ्यानं."

आसिफाबादहून येणारी राजुऱ्याची मोटार धूळ उडवत आली तेव्हा प्रयागबाई नवं लुगडं नेसून, लिंबू नाकाशी धरून, रस्त्यावर उभी होती. फोटो घेऊन महिपत मागं होता. फकिरानं तिला चढताना हात दिला. "आजी, पास घेतला का?"

तिनं डावा हात वर करून दाखवला. "हा काय!"

वाटेत ती दोनदा ओकली. मधल्या वेळात खिडकीतून बाहेर पाहत राहिली आणि कंडक्टरला विचारत राहिली, "हद्द आली का रे?" कंडक्टर हैदराबादकडचा, हिंदीत बोलणारा. तो म्हणाला, "अम्मा, इधर भी कपास, उधर भी कपास. मेरेकू भी नै मालूम." नाका काही दिसला नाही. एका पुलाजवळ दोन माणसं खांबाला चुना लावत होती, बस्स.

भागाबाई अंगणातल्या बाजेवर पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. दाराशी कोण आलं म्हणून तिनं मान वर केली आणि हातातली शेंग तशीच राहिली.

"कोन? प्रयागी?"

"मंग कोन!"

"बापा! किती वाळली वो! सून खाऊ घालते का नाई?"

"अन् तू? पोतं झाली आयतं बसून!"

दोघी एकमेकींच्या तोंडाला हात लावून बसल्या. गाल चाचपले, केस चाचपले. एकमेकींचे किती दात राहिले ते पाहिलं. महिपत फोटो हातात धरून बाजूला उभा होता, त्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. चहा झाला, शेंगांचा ढीग बाजूला सरला, तेव्हा कुठं प्रयागबाईला आठवण झाली.

"हे पाह्य. तूच मांगतला व्हता ना?"

भागाबाईनं दोऱ्यानं बांधलेला चष्मा डोळ्याला लावला, फोटो लांब धरला. बघता बघता तिच्या भुवया वर गेल्या.

"महिपत, माहा हात कवा काढला रे?"

"तुहा कुठला, मावशी? मायचा हाय."

"मले शिकवतं?" भागाबाईनं बाही वर केली. तिचा हात सुजलेला, फुगलेला, पण विंचू तोच, नांगी तीच. "हा पाय नाई दिसत? माहाच हाय."

"तुहा कसा? तुही तुळस बुटकी हाय," प्रयागबाई म्हणाली.

"बुटकी नाई. तुह्या हाताचं कातडं लोंबलं, म्हनून तुही लांब दिसते!"

महिपत परत निघताना दोघींच्या पाया पडला. माय आता भाऊबीज करूनच येणार होती, तसं तिनं त्याला न विचारताच ठरवलं होतं. दोघी एकाच बाजेवर बसल्या होत्या, मधे फोटो, दोन्हीकडं दोन उघडे हात, आणि वाद अजून मिटला नव्हता.

"माय, येतो मी."

"ये," प्रयागबाई मान वर न करता म्हणाली. "अन् देवकाले सांगजो, मी नाई तवर माह्या बाजेवर मिरच्या वाळू घालजो नोको."